एको नॉर्मल आहे, मग अन्ननलिकेतून पुन्हा कशाला?

पत्र थोडक्यात असं: वडील ६१ वर्षांचे, मधुमेही. अडीच वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातातला फिस्चुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) बंद पडला, मग कृत्रिम नळीचा ग्राफ्ट बसवला, तोही बंद पडला. आता मानेतल्या कायमच्या कॅथेटरवर काम चालतं. महिन्यापूर्वी मशीनला जोडल्यावर अर्ध्या तासात जोराची हुडहुडी भरली, ताप ९९.६. अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पुढच्या डायलिसिसला तेच झालं. तेव्हा कॅथेटरमधून एक बाटली रक्त कल्चरला (जंतू उगवतात का पाहण्याच्या तपासणीला) गेलं, त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ ऑरियस) हा जंतू आला. त्याच सकाळी डायलिसिसच्या आधी टू-डी एको झाला: मायट्रल झडपेच्या कड्यावर कॅल्शियम, मध्यम गळती, ‘व्हेजिटेशन (झडपेवरचा जंतूंचा गोळा) दिसत नाही’. दोन आठवडे डायलिसिससोबत व्हँकोमायसिन दिलं. चौथ्या दिवशीचं कल्चर ‘वाढ नाही’. औषध बंद होऊन सहा दिवस झालेत. ताप नाही, पण भूक गेली, कंबर दुखते, एरवी १५० असणारा वरचा रक्तदाब डायलिसिसमध्ये १०० च्या खाली जातो, हिमोग्लोबिन १०.४ वरून ८.१ झालं. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ९२. एक डॉक्टर म्हणतात, कॅथेटरचं इन्फेक्शन होतं, बरं झालं. दुसरे म्हणतात, हृदयाच्या अस्तराचा आजार असू शकतो, अन्ननलिकेतून एको करा. एक नातेवाईक सांगतात, हृदयाला पाणी झालंय. कुणाचं ऐकायचं? आणि कॅथेटर ठेवायचं का?

दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. अन्ननलिकेतून एको, म्हणजे टीईई, लवकर करून घ्या. पण त्याच्याही आधी, शक्य असेल तर आजच, नवं कुठलंही अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी, रक्ताची कल्चरं नीट करून घ्या. ‘नीट’ म्हणजे काय ते पुढे येतंच.

नातेवाइकांच्या पाण्याचा गोंधळ आधी सोडवू. हृदयाला बाहेरून एक पिशवी असते आणि आतून अस्तर असतं. बाहेरच्या पिशवीला सूज आली की तो पेरिकार्डायटिस. डायलिसिसवरच्या माणसांना तोही होतो, मुख्यतः युरिया वगैरे साठल्यामुळे किंवा डायलिसिस अपुरं पडल्यामुळे. छातीत दुखतं, आडवं पडलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. पिशवीत पाणी साचलं तर मशीन पाणी ओढायला लागताच रक्तदाब धाडकन पडतो. वडिलांचा रक्तदाब पडतो म्हणून नातेवाइकांना तो आठवला असेल, तर शंका अगदीच चुकीची नाही. पण पिशवीतलं पाणी साध्या टू-डी एकोत सहज दिसतं आणि तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. तो एको महिन्यापूर्वीचा आहे, त्यामुळे नव्या एकोत तेवढं एकदा पाहायला सांगा. आतल्या अस्तराचा, म्हणजे प्रामुख्याने झडपांवरच्या अस्तराचा जंतुसंसर्ग तो एंडोकार्डायटिस. तो पाण्याचा नव्हे, रक्तात शिरलेल्या जंतूंचा आजार आहे. वडिलांच्या बाबतीत प्रश्न त्याचाच आहे.

डायलिसिसच्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त का, ते त्यांच्याच उदाहरणात दिसतं. आठवड्यातून तीनदा रक्ताचं दार उघडतं. कॅथेटर असेल तर ते दार कायमचं आणि थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत जाणारं असतं. म्हणून संसर्गाचा धोका कॅथेटरमध्ये सर्वांत जास्त, ग्राफ्टमध्ये त्याहून कमी, स्वतःच्या शिरेच्या फिस्चुलात सर्वांत कमी. दुसऱ्या बाजूला फॉस्फरस-कॅल्शियमच्या बिघाडाने झडपा वेळेआधीच खडबडीत होतात. खडबडीत जागी प्लेटलेट आणि फायब्रिन चिकटतात, त्यात जंतू घर करतात आणि जो गोळा तयार होतो त्याला व्हेजिटेशन म्हणतात. कॅथेटर उजवीकडे असला तरी व्हेजिटेशन बहुतेक वेळा डावीकडे, मायट्रल किंवा एऑर्टिक झडपेवर सापडतं. जास्त दाब सोसून झिजलेल्या आणि कॅल्शियम साठलेल्या झडपा त्याच असतात. वडिलांची मायट्रल झडप नेमकी अशी आहे, आणि रक्तात सापडलेला जंतू या आजारात सर्वांत जास्त आढळणारा.

मग निदान अडतं कुठे? पुस्तकात दिलेली जवळजवळ प्रत्येक खूण किडनीच्या रुग्णात एक तर दबलेली असते, नाहीतर दुसऱ्याच कारणाने आधीपासून हजर असते.

ताप घ्या. युरेमियात, म्हणजे किडनीने टाकायची घाण रक्तात साठलेली असताना, शरीराची ताप चढवण्याची क्षमता मंदावते. अनेकांचं रोजचं तापमानच ९७ च्या आसपास असतं. त्यात मशीनमधलं द्रावण रक्तदाब टिकावा म्हणून बऱ्याचदा थोडं थंड ठेवलेलं असतं, म्हणजे रक्त बाहेर जाऊन गार होऊनच परत येतं. अशा माणसाचा ९९.६ म्हणजे ‘किरकोळ कणकण’ नाही. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर उरलासुरला तापही झाकला जातो. यापुढे तापमान तीनदा मोजून लिहा: मशीनला जोडण्याआधी, एक तासाने, आणि संपल्यावर. वेदनाशामक कधी घेतलं ती वेळ शेजारी लिहा. आकडा १०० च्या वर गेला का, यापेक्षा स्वतःच्या नेहमीच्या तापमानापेक्षा किती चढला हे पाहायचं.

हुडहुडीचं आणखी एक कारण असू शकतं, ते डायलिसिस युनिटमध्ये विचारून घ्या. पाण्यातल्या किंवा द्रावणातल्या जंतूंच्या विषामुळेही सुरुवातीच्या तासाभरात थंडी वाजते. पण तेव्हा सहसा त्याच पाळीतल्या एकापेक्षा जास्त रुग्णांना त्रास होतो, डायलिसिस थांबवलं की काही तासांत सगळं शांत होतं आणि कल्चर कोरं येतं. वडिलांचं कल्चर कोरं नव्हतं. कॅथेटरमधून रक्त वाहायला लागल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी, आणि तीही लागोपाठ दोनदा, याचा सरळ अर्थ कॅथेटरच्या आतल्या थरात बसलेले जंतू दरवेळी धुऊन रक्तात जात होते.

स्टेथोस्कोपने ऐकू येणारा नवा आवाज, म्हणजे मर्मर, ही दुसरी मोठी खूण. इथे तिची किंमत घसरते. रक्त कमी असलं, शरीरात पाणी साचलं, झडप कडक झाली, हातात फिस्चुला चालू असला, की मर्मर असतोच. त्यामुळे ‘मर्मर आहे’ याला फारसा अर्थ नाही. ‘तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत नव्हता, आणि आज डायलिसिसनंतर पाणी निघून गेल्यावरही ऐकू येतो’ याला आहे. हृदयाच्या जुन्या तपासण्यांचे कागद यासाठी सोबत ठेवा.

ईएसआर ९२ पाहून घाबरू नका, आणि त्यावर विसंबूही नका. डायलिसिसवरच्या बहुतेकांचा ईएसआर वाढलेलाच असतो. या प्रश्नात त्याचा उपयोग जवळपास शून्य. सीआरपी, ही सूज मोजणारी दुसरी रक्ततपासणी, त्यामानाने बरा, पण तोही एकदा नाही, दर तीन-चार दिवसांनी केला आणि उतार-चढाव पाहिला तरच. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गाची खूण) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची खूण) दोन्ही किडनीच्या आजारात मुळातच थोडे वर असतात. लघवीतलं रक्त ही एरवीची एक खूण. ज्यांना लघवीच जेमतेम होते त्यांच्यात ती शोधायची कुठे? नखांखालच्या बारीक लाल रेषा डायलिसिसवर एरवीही दिसतात, साखर तपासायला टोचलेली बोटं आणखी गोंधळ घालतात, आणि डोळ्याच्या पडद्यावरचे ठिपके मधुमेहाचे की संसर्गाचे हे नेत्रतज्ज्ञालाही चटकन सांगता येत नाही.

याउलट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या गोष्टी फार बोलक्या आहेत. नेहमी रक्तदाब जास्त असणाऱ्याचा डायलिसिसमध्ये तो एकाएकी पडू लागणं. हिमोग्लोबिन घसरणं, रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वेळेवर चालू असेल, रक्तस्राव कुठे नसेल, तर छुपा संसर्ग हे त्याचं मोठं कारण. भूक जाणं. इथे आणखी एक खाच आहे: मांस झडून खरं वजन कमी झालं आणि ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन) जुनंच ठेवलं, तर शरीरात पाणी जास्त राहतं, दम लागतो, आणि मग तो दम झडपेच्या गळतीचा की पाण्याचा हे कळेनासं होतं. ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या. आणि कंबरदुखी. स्टॅफ ऑरियस रक्तात येऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू झालेली, रात्रीही न सोडणारी कंबरदुखी म्हणजे मणक्यातला संसर्ग, असं धरूनच तपासणी करायची. त्यासाठी एमआरआय लागतो, एक्स-रे नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रे साफ दिसू शकतो. रंगद्रव्याशिवायचा एमआरआयही बरंच सांगतो. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य द्यायचंच ठरलं तर किडनीच्या रुग्णांसाठी सुरक्षित मानलेल्या गटातलं वापरतात आणि त्यानंतर लगेच डायलिसिस होईल अशी वेळ निवडतात. सीटीच्या आयोडिनच्या रंगद्रव्याबद्दल मात्र ‘किडनी खराब होईल’ ही भीती लघवी पूर्ण बंद झालेल्या माणसात उरत नाही. थोडी लघवी शिल्लक असेल तर ती जपायला हवी, तेव्हा ते आधी सांगा.

आता कल्चर. निदानाचा निम्मा भार यावर असतो आणि सगळ्यात जास्त ढिसाळपणाही इथेच होतो. पहिल्या हुडहुडीला अँटिबायोटिक आधी आणि कल्चर नाहीच. दुसऱ्या वेळी एकच बाटली, तीही कॅथेटरमधूनच. एकाच बाटलीत त्वचेवरचे साधे स्टॅफ आले असते तर दूषित नमुना म्हणून सोडून देता आलं असतं. स्टॅफ ऑरियसला ती सूट नाही. तो एका बाटलीत आला तरी खरा मानूनच पुढे जायचं. चौथ्या दिवसाचं ‘वाढ नाही’ हे औषध काम करतंय एवढं सांगतं. व्हेजिटेशनच्या आत दडलेले जंतू संपले, असं ते सांगत नाही. किडनी काम करत नसताना व्हँकोमायसिन रक्तात कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून तर ते डायलिसिससोबत देता येतं. दोन आठवडे हा झडप निर्दोष असल्याची खात्री पटलेल्यांसाठीचा कमीत कमी कालावधी. वडिलांच्या बाबतीत तशी खात्री कुणीच करून घेतलेली नाही.

पद्धत अशी. तीन संच घ्यायचे. प्रत्येक संचात दोन बाटल्या, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि एक हवेविना वाढणाऱ्यांसाठी. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. म्हणजे एकूण ६० मिलिलिटरपर्यंत. हिमोग्लोबिन ८ असताना हे ऐकून काळजात धस्स होतं, पण एवढ्या रक्ताने काही बिघडत नाही. दोन-दोन मिलिलिटर घालून आलेलं ‘वाढ नाही’ जास्त महागात पडतं, कारण या आजारात रक्ताच्या थेंबाथेंबात जंतू नसतात. एक संच कॅथेटरमधून, बाकी दोन हाताच्या शिरेतून. शीर तळहाताच्या मागच्या बाजूची निवडायची. मनगट ते कोपरातल्या शिरा पुढच्या फिस्चुलासाठी राखून ठेवायच्या. शिरा सापडतच नसतील तर डायलिसिस चालू असताना मशीनच्या नळीतून घेतलेलं रक्त चालतं, फक्त बाटलीवर तसं लिहायला हवं. त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसून किमान ३० सेकंद सुकू द्यायची, बाटलीचं रबरी झाकण स्पिरिटने पुसायचं, कॅथेटरच्या तोंडावरचं जोडणीचं टोपण बदलून मगच रक्त काढायचं. कॅथेटरमध्ये अँटिबायोटिकचा लॉक (वापर नसताना आत भरून ठेवलेलं द्रावण) भरत असतील तर तो आधी काढून टाकून प्रयोगशाळेला कळवायचं. चिठ्ठीवर वेळ, जागा, शेवटचं अँटिबायोटिक कधी दिलं, आणि ‘एंडोकार्डायटिसची शंका’ हे शब्द. औषध शोषून घेणाऱ्या रेझिनच्या बाटल्या मिळत असतील तर अशा रुग्णात त्याच मागा.

ताप असतानाच घ्यायला हवं का? नाही. एंडोकार्डायटिसमध्ये जंतू सतत झिरपत राहतात. ताप नसतानाही कल्चरमध्ये जंतू येऊ शकतात. आणि वडिलांची तब्येत स्थिर असेल तर कल्चरची पहिली बातमी येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. स्टॅफ ऑरियस बहुधा पहिल्या दोन दिवसांतच उगवतो. बाटल्या मात्र पाच दिवस ठेवतात. हुडहुडी परत भरली किंवा रक्तदाब पडला तर थांबायचं नाही: काही मिनिटांच्या अंतराने दोन-तीन ठिकाणांहून रक्त काढून लगेच औषध सुरू. कॅथेटरच्या बाटलीत जंतू हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास आधी उगवले तर उगम कॅथेटर, असा एक ठोकताळा आहे. तो डायलिसिस चालू असताना घेतलेल्या रक्ताला फारसा लागू पडत नाही, कारण तेव्हा सगळं रक्त एकमेकांत फिरत असतं. आणि उगम कॅथेटर ठरला म्हणून झडप सुटली असंही नाही. पहिल्या डॉक्टरांचं विधान इथेच अपुरं पडतं: कॅथेटरचं इन्फेक्शन होतं हे खरंच असेल, पण या रुग्णांत झडपेच्या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

निदान ठरवताना डॉक्टर ‘ड्यूक निकष’ वापरतात. १९९४ मध्ये ते आले, २००० मध्ये सुधारले आणि २०२३ मध्ये पुन्हा. मोठे निकष मुख्यतः दोन: कल्चर आणि हृदयाचं चित्रण. छोटे अनेक. दोन मोठे, किंवा एक मोठा आणि तीन छोटे, किंवा पाच छोटे जमले तर आजार निश्चित. एक मोठा आणि एक छोटा, किंवा तीन छोटे, तर शक्यता. वडिलांचे गुण मांडून बघा. कल्चर मोठ्या निकषात बसायला नेहमीचा जंतू किमान दोन वेगळ्या संचांत यावा लागतो. एकच बाटली घेतली, म्हणून तो छोट्यात गेला. ताप १००.४ च्या वर नोंदलेला हवा, नाही. डायलिसिसवर असणं हा स्वतःहून निकषच नाही. झडपेची मध्यम गळती हा एक छोटा. एकूण दोन छोटे. म्हणजे कागदावर ‘शक्यता’सुद्धा बसत नाही! पण हे आजार नसल्याचं लक्षण नव्हे. वहीत जमा कमी दिसते कारण नोंदी केल्याच गेल्या नाहीत. त्याच दिवशी आणखी एक संच घेतला असता आणि दोन्हींत जंतू आला असता, तर एक मोठा आणि एक छोटा होऊन वडील त्याच दिवशी ‘शक्यता’ गटात आले असते, आणि टीईईबद्दल दोन डॉक्टरांत वाद झाला नसता. हे निकष मुळात संशोधनात रुग्णांची वर्गवारी एकसारखी व्हावी म्हणून बनवलेले. पलंगावरच्या माणसाला ‘आजार नाही’ म्हणून घरी पाठवण्यासाठी नव्हेत.

एकोकडे वळू. छातीवरून केलेल्या साध्या एकोत स्वतःच्या झडपांवरची व्हेजिटेशनं साधारण ७० टक्के वेळा सापडतात, अन्ननलिकेतून ९० टक्क्यांहून जास्त. कारण सोपं आहे: अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी टेकलेली असते, मध्ये बरगड्या नाहीत, फुप्फुसातली हवा नाही. वडिलांच्या बाबतीत साध्या एकोला आणखी तीन गोष्टी आड आल्या. कॅल्शियम ध्वनिलहरी अडवतं आणि मागे सावली पाडतं; त्या सावलीत काही मिलिमीटरचा गोळा सहज लपतो. एको डायलिसिसच्या आधी, अंगात पाणी असताना झाला. तेव्हा गळती आहे त्याहून जास्त दिसते आणि नंतरच्या चित्राशी तुलना होत नाही. आणि तो फार लवकर झाला. पहिल्या हुडहुडीनंतर दोन-तीन दिवसांत गोळा दिसण्याइतका मोठा झालेला नसू शकतो. शंका दाट असेल तर टीईईसुद्धा पहिल्यांदा साफ आली तरी पाच ते सात दिवसांनी पुन्हा करतात, ते याचसाठी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दुसऱ्यांदा करायला सांगितलं तर ‘पैसे काढतायत’ असं वाटणार नाही.

तपासणी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पाणी निघालेलं असतं, पोटॅशियम ताब्यात असतं, रक्त गोठू नये म्हणून मशीनवर दिलेल्या हेपरिनचा अंमल संपलेला असतो. सहा तास उपाशी. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन त्या सकाळी किती घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारा, नाहीतर उपाशीपोटी साखर उतरते. कवळी काढायची. गिळताना घास अडकत असेल, पूर्वी अन्ननलिकेचं किंवा जठराचं ऑपरेशन झालं असेल, यकृताचा आजार असेल, रक्ताची उलटी झाली असेल, तर नळी घालण्याआधी सांगणं फार महत्त्वाचं. घसा बधिर करतात, हलकी गुंगी देतात, नळी अर्धा तासभर आत असते. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तास-दोन तास, पाणीही द्यायचं नाही. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

रिपोर्टमध्ये फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ पाहू नका. गोळा असेल तर किती मिलिमीटर आणि किती हलतो (१० मिलिमीटरच्या वर असेल तर तुटून मेंदूकडे जाण्याचा धोका वाढतो आणि हृदयाच्या सर्जनला बोलवायला लागतं). झडपेला भोक पडलंय का. कड्याभोवती पू आहे का. गळती आधीपेक्षा वाढली का. आणि कॅथेटरचं टोक: त्याला लटकलेली गुठळी, ती उजव्या कप्प्याच्या भिंतीला चिकटलीय का. ही गुठळी आणि व्हेजिटेशन चित्रात एकमेकांसारखी दिसू शकतात. झडपेवरचा हलणारा कॅल्शियमचा खडाही कधी कधी फसवतो. म्हणून चित्र एकटं वाचायचं नसतं, कल्चरच्या शेजारी ठेवून वाचायचं असतं. जुन्या एकोची सीडी मिळाली तर ती देणं दहा नव्या तपासण्यांइतकं उपयोगी.

ईसीजी स्वस्त आणि विसरला जाणारा. एऑर्टिक झडपेजवळ पू झाला तर हृदयातली विजेची वाट दाबली जाते आणि पीआर अंतर (वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे वीज पोचायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातं. पण पोटॅशियम वाढलं तरी तेच होतं. त्यामुळे ईसीजी डायलिसिसनंतर काढा, पोटॅशियमचा आकडा शेजारी लिहा, आणि जुन्याशी ताडून पाहा.

टीईई दोनदा साफ आली, कल्चरमध्ये जंतू पुन्हा पुन्हा येतायत, असं झालं तर पीईटी-सीटीचा (संसर्गाची जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनचा) विचार होतो. नैसर्गिक झडपेवरचे छोटे गोळे त्यात चुकू शकतात, पण मणका, प्लीहा आणि तुमच्या वडिलांच्या हातातला बंद पडलेला ग्राफ्ट यांतला संसर्ग ते चांगलं दाखवतं. हो, तो बंद ग्राफ्ट. वापरात नाही म्हणून सगळे त्याला विसरतात. बाहेरून ना लाली ना सूज, आणि आत जंतू वर्षानुवर्षं दबा धरून बसलेले, असं होतं. तो अजून हातात आहे, हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा. प्लीहेत किंवा मेंदूत गोळ्याचे तुकडे सापडले तर ड्यूकच्या हिशोबात आणखी एक छोटा गुण जमा होतो, तक्रार काही नसली तरी.

कॅथेटर ठेवायचं का, हे तुम्ही विचारलंय. स्टॅफ ऑरियस सापडल्यावर ते काढणं हाच नियम, आणि झडपेची शंका असताना त्याच बोगद्यातून तारेवरून नवं घालणं पुरत नाही. जुनं काढायचं, पोटॅशियम आणि पाणी परवानगी देतील तर एक-दोन दिवस काहीच न ठेवता काढायचे, मग दुसऱ्या जागी तात्पुरतं, आणि कल्चर साफ आल्यावर कायमचं. एंडोकार्डायटिस ठरला तर औषध साधारण सहा आठवडे, आणि दिवस मोजायचे ते पहिल्या साफ कल्चरपासून. ते साफ झालं हे कळायला दर दोन-तीन दिवसांनी कल्चर. पहिल्या कल्चरचा संवेदनशीलतेचा कागद शोधा: जंतू मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकला दबणारा असेल तर व्हँकोमायसिन हे त्याच्यावरचं दुय्यम औषध आहे. सेफाझोलिन जास्त चांगलं, आणि डायलिसिसवर ते सोयीचंही: आठवड्याच्या तीन डायलिसिसनंतर २, २ आणि लांब सुट्टीआधी ३ ग्रॅम. ‘व्हँकोमायसिन जास्त भारी’ हा समज डोक्यातून काढून टाका.

टीईईची तारीख मिळेपर्यंत काही गोष्टी झाल्या तर वाट पाहायची नाही: आडवं झोपता न येण्याइतका दम, चक्कर येऊन पडणं किंवा नाडी एकदम मंद होणं, पुन्हा हुडहुडी, पायांतली ताकद किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात लुळा पडणं. शेवटच्या तीनपैकी काही झालं तर तातडीच्या विभागात पाऊल ठेवताच पहिलं वाक्य हे असू द्या: ‘डायलिसिसचे रुग्ण आहेत, महिन्यापूर्वी रक्तात स्टॅफ ऑरियस होता, एंडोकार्डायटिसची शंका आहे.’ पक्षाघातात एरवी तातडीने देतात ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन या आजारात मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं, आणि ही शंका कुणी बोलून दाखवली नाही तर तिथल्या डॉक्टरांना ती कळण्याचा मार्ग नसतो. पुढच्या डायलिसिसला हेपरिन द्यायचं का, हेही मग त्यांनाच ठरवू द्या.